हत्यार आणि बॅटरी : खिशातल्या वस्तू सिक्युरिटी चेकला का अडतात?

विमानतळावरच्या तपासणीचा पट्टा थांबतो. पडद्यासमोर बसलेली व्यक्ती मान पुढे काढून पाहते, पट्टा थोडा मागे घेते, पुन्हा पाहते आणि सहकाऱ्याला हाक मारते. मग प्रश्न येतो, "ही बॅग कोणाची?"

किल्ल्यांच्या जुडग्यात छोटा स्क्रू ड्रायव्हर, खिशात टॉर्च आणि बॅगेच्या कप्प्यात घडीचा चाकू ठेवायची ज्यांना सवय आहे, त्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल. मला तो पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा बॅगेतून निघालं बोटाएवढं मल्टिटूल. वडिलांनी दिलेलं. रोज बरोबर असायचं, त्यामुळे ते बॅगेत आहे हेच विसरलो होतो. एवढीशी वस्तू, समजावून सांगितलं की सोडतील असं वाटलं. पाच मिनिटांनी मी ते एका पारदर्शक पेटीत टाकून पुढे निघालो. पेटीत तशीच कितीतरी अवजारं पडलेली दिसत होती. कोणाची तरी रोजच्या वापरातली, झिजलेली, हाताला बसलेली.

त्या दिवशी राग आला होता. नंतर नियम वाचत गेलो तसा राग कमी झाला. हे नियम दिसतात तितके विस्कळीत नाहीत. त्यामागे दोनच भीती आहेत. त्या वेगळ्या ओळखता आल्या की कुठली वस्तू कुठे ठेवायची याचा अंदाज बहुतेक वेळा आपला आपल्यालाच येतो.

दोन शब्द, दोन भीती

सुताराच्या पेटीतली पटाशी आणि सैनिकाच्या कमरेची तलवार, मराठीत दोन्ही हत्यारंच. आणि अंधारात आपण "जरा बॅटरी लाव" म्हणतो तेव्हा आपल्याला हवा असतो टॉर्च. बोलताना या दुहेरी अर्थांनी आपलं काही अडत नाही. सिक्युरिटी चेकला मात्र सगळं याच दोन शब्दांपाशी अडतं. हे हत्यार कामाचं आहे की इजा करायचं? आणि या टॉर्चच्या आतली बॅटरी पेटली तर?

पहिली भीती माणसाची आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे वस्तू प्रवाशाच्या हातापासून दूर ठेवणं. चेक-इन बॅगेत घालून विमानाच्या पोटात टाकली की उड्डाणात तिच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही.

दुसरी भीती आगीची आहे आणि तिच्यावरचा उपाय बरोबर उलटा आहे. पेटू शकेल अशी वस्तू वर, केबिनमध्ये, माणसांच्या नजरेसमोर हवी. म्हणजे धूर दिसला की लगेच काहीतरी करता येतं.

म्हणून एकाच पाउचमध्ये वर्षानुवर्षं शेजारी राहिलेले चाकू आणि टॉर्चचे जादा लिथियम सेल विमानप्रवासात वेगळे करावे लागतात. चाकू खाली, सेल वर. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. लोक सगळा पाउच उचलून चेक-इन बॅगेत टाकतात आणि निर्धास्त होतात. चाकूचा प्रश्न सुटतो, पण सेलचा नियम मोडला जातो.

नियमांची दप्तरंही दोन आहेत. नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना आयकाओ हिचं मुख्यालय कॅनडातल्या माँट्रियलला आहे. तिच्या मूळ कराराला जोडलेल्या परिशिष्टांपैकी १७ वं परिशिष्ट सुरक्षेचं आहे. चाकू, अवजारं, शस्त्रं त्यात येतात. १८ वं धोकादायक मालाचं, बॅटऱ्या त्यात. ही चौकट घेऊन प्रत्येक देश आपापली यादी बनवतो. त्यावर विमान कंपनीच्या अटी येतात आणि शेवटचा शब्द तपासणीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा असतो. इतके थर असल्यामुळेच "एका ठिकाणी चाललं, दुसरीकडे का नाही?" हा प्रश्न कायम पडतो.

पात्याची लांबी कोणी ठरवली?

११ सप्टेंबर २००१ पूर्वी अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू खिशात घेऊन विमानात चढता येत असे. त्या दिवशीच्या अपहरणकर्त्यांना मोठी शस्त्रं लागलीच नाहीत, छोटे चाकू पुरले. त्यानंतर लहान चाकू निरुपद्रवी असतो हे कोणी गृहीत धरेना. व्हिक्टोरिनॉक्स ही स्वित्झर्लंडमधली १८८४ सालची कंपनी. तिचे लाल घडीचे चाकू विमानतळांवरच्या दुकानांतून भेटवस्तू म्हणून खपायचे. त्या विक्रीला मोठा फटका बसला. अगदी २०२४ मध्येही पात्याशिवायचं साधन तयार करत असल्याचं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं होतं.

पुढच्या काही वर्षांत वैमानिकांच्या कक्षाचे दरवाजे भक्कम झाले. कक्षात घुसणं अवघड झालं, तेव्हा प्रत्येक लहान अवजारावर वेळ घालवण्यापेक्षा स्फोटकं शोधण्याकडे लक्ष द्यावं असा विचार पुढे आला. डिसेंबर २००५ पासून अमेरिकेत ७ इंचांपर्यंतचे, म्हणजे साधारण १८ सेंटीमीटरचे स्क्रू ड्रायव्हर, पाने आणि पकडी केबिनमध्ये चालू लागल्या. कात्रीचं पातं जोडखिळ्यापासून ४ इंचांपेक्षा कमी असेल तर तीही. चाकू मात्र बंदच राहिले.

२०१३ मध्ये तिथल्या टीएसए या तपासणी यंत्रणेने चाकूंवरचीही बंदी थोडी सैल करायचं ठरवलं. मार्चमध्ये जाहीर केलं की साधारण ६ सेंटीमीटरपर्यंतच्या पात्याचे छोटे घडीचे चाकू नेता येतील. सगळ्यात जोरदार विरोध झाला तो विमानातल्या कर्मचाऱ्यांकडून, आणि मला तो पूर्ण पटतो. वैमानिक बंद दाराआड असतात, पण चिडलेल्या प्रवाशासमोर उभे राहतात ते हे लोक. जूनमध्ये निर्णय मागे घेतला गेला.

युरोपीय संघाच्या नियमांत रेघ तिथेच, ६ सेंटीमीटरवर आहे. त्याहून लांब पात्याचा चाकू, जोडखिळ्यापासून तेवढ्याहून लांब पात्याची कात्री किंवा तेवढ्याहून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर केबिनमध्ये नको. कॅनडानेही नोव्हेंबर २०१७ पासून ६ सेंटीमीटरपर्यंतच्या पात्याला परवानगी दिली, पण अमेरिकेला जाणारी विमानं वगळून. कागद कापायच्या कटरची आणि वस्तऱ्याची सुटी पाती तिथेही बंदच.

आता हे शेजारी ठेवून पाहा. बोटभर दांड्याचा, १५ सेंटीमीटरचा स्क्रू ड्रायव्हर अमेरिकेत चालतो, कारण तिथे पूर्ण अवजार मोजतात. युरोपात तोच अडतो, कारण तिथे दांडा मोजतात. उलट ४ सेंटीमीटर पात्याचा घडीचा चाकू युरोपच्या यादीत बसतो आणि अमेरिकेत बसत नाही. याचा अर्थ कोणाचं डोकं फिरलंय असा नाही. एका बाजूने अवजाराकडे काठी म्हणून पाहिलं, दुसऱ्या बाजूने सुरा म्हणून, एवढाच फरक.

आपल्यासाठी याचा उपयोग असा, की पट्टी घेऊन स्वतः मोजायचं. आणि पातं असलेलं कुठलंही साधन चेक-इन बॅगेतच ठेवायचं, मग एखाद्या देशाची यादी त्याला केबिनमध्ये जागा देत असली तरी. चाकू नियमात बसत असला तरी तो बसतो हे टेबलापाशी उभं राहून पटवून द्यावंच लागतं, आणि रांग तुमच्या मागे थांबलेली असते.

मल्टिटूलमध्ये पातं लपलेलं असेल तर?

तर ते चाकूच. आत पक्कड, कानस, स्क्रू ड्रायव्हर आणि एक अर्ध्या बोटाचं पातं असं असेल, तर नियम पात्याचा लागतो. नऊ साधनं निर्धोक आहेत म्हणून दहावं माफ होत नाही. माझं मल्टिटूल गेलं ते याच कारणाने.

पातं नसलेली मल्टिटूल बाजारात मिळतात, खास याच अडचणीसाठी बनवलेली. ती पुष्कळदा पास होतात, पण प्रत्येक वेळी उघडून दाखवायची तयारी ठेवावी. घडी घातलेल्या अवजाराची एक्स-रेतली सावली पात्याच्या मल्टिटूलसारखीच दिसते, आत पातं नाही हे पडद्यावरून सांगता येत नाही. नेलकटर सहसा कोणी अडवत नाही.

दिसण्यावरून अडणाऱ्या वस्तूंबद्दल मात्र गाफील राहू नका. बोटांत अडकवायची धातूची कडी असलेली किल्लीची साखळी, टोकदार धातूचं 'टॅक्टिकल' पेन, बंदुकीच्या गोळीच्या किंवा हातबॉम्बच्या आकाराचं कीचेन. हे केबिनमध्ये आणूच नये. बॉम्बच्या आकाराचं तर चेक-इन बॅगेतही नको, कारण एक्स-रे तिचाही होतो आणि पडद्यावर खोटा बॉम्ब खऱ्यासारखाच दिसतो.

पडद्यावर तुमचा टॉर्च कसा दिसतो?

टॉर्च केबिनमध्ये नेण्यावर सहसा बंदी नसते. अमेरिकेच्या यादीत तर तो केबिन आणि चेक-इन दोन्हीकडे चालतो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही टॉर्चमुळे बॅगा थांबतात. त्याचं कारण पडद्यावरच्या चित्रात आहे.

बॅग तपासणारं यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे एक्स-रे वापरतं. कुठली ऊर्जा किती आरपार गेली यावरून वस्तू कुठल्या प्रकारच्या पदार्थाची आहे याचा अंदाज बांधतं आणि तसा रंग देतं. कागद, कापड, खाणं, प्लॅस्टिक नारिंगी दिसतं. स्फोटकंही सहसा याच गटात पडतात. लोखंडासारखे जड धातू निळे, मधले पदार्थ आणि ॲल्युमिनियमसारखे हलके धातू हिरवे. आणि जिथून किरण पारच होत नाहीत तिथे काळा डाग.

आता जाड ॲल्युमिनियमचा टॉर्च त्यातून जातो. हिरवी-निळी नळी. आत सेलचे गडद ठोकळे. एका टोकाला स्प्रिंग, दुसऱ्या टोकाला सर्किटची चकती. नळी, वीज, स्विच, तार, सर्किट. शंका घ्यायला शिकवलेल्या डोळ्यांना नेमकी हीच जुळणी शोधायला शिकवलेलं असतं. त्यात टॉर्चला चार्जरची वायर गुंडाळलेली, खाली पॉवर बँक आणि वर टूथपेस्टची ट्यूब असेल, तर निळ्यावर नारिंगी चढतं आणि चित्र उलगडत नाही. पडद्यासमोरच्या माणसाने बॅग थांबवली नाही तर त्याने काम नीट केलं नाही असंच म्हणावं लागेल.

त्यामुळे उपाय चित्र मोकळं करण्याचा. टॉर्च बॅगेच्या तळाशी ठेवू नका. किल्ल्या, नाणी, वायरी यांच्यापासून वेगळा, वरच्या कप्प्यात किंवा थेट ट्रेमध्ये ठेवा. सेल आत आणि चार्ज केलेला असू द्या, कारण "लावून दाखवा" असं सांगितलं जाऊ शकतं, आणि टॉर्च लागला की बहुतेक शंका तिथेच मिटतात. कधी कापडाची छोटी पट्टी त्यावरून फिरवून यंत्रात घालतात. स्फोटकांचे सूक्ष्म कण लागलेत का हे त्यात कळतं. ही तुमच्यावरची शंका नसते, शांत उभं राहावं.

दोन प्रकारचे टॉर्च मात्र अडू शकतात. एक, हातभर लांबीचा, जाड सेलचा, वजनदार. तो काठीसारखा चालवता येतो. दुसरा, तोंडाच्या कडेला दातेरी धातूचे सुळके असलेला. स्वसंरक्षणासाठी म्हणूनच तो विकला जातो, तेव्हा अधिकाऱ्याने त्याला हत्यार समजलं तर तक्रारीला जागा नाही. हे दोन्ही प्रकारचे टॉर्च चेक-इन बॅगेत ठेवावेत, पण आतले सेल काढून आपल्याजवळ घ्यावेत. खिशातला बोटभर टॉर्च बिनधास्त बरोबर घ्यावा.

सेल पेटतो म्हणजे नेमकं काय होतं?

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाच्या तयारीत असताना डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून आग लागली. विमानातले सगळे १७६ जण बाहेर पडले, विमान जळालं. आगीचं संभाव्य कारण म्हणून तपासात पॉवर बँकेच्या बॅटरीतला बिघाड पुढे आला. १ मार्चपासून त्या देशाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. १ एप्रिलपासून सिंगापूर एअरलाइन्सने विमानात पॉवर बँक वापरणं बंद केलं, १ ऑक्टोबरपासून एमिरेट्सने. तुमच्या टॉर्चमधला सेल याच कुळातला आहे.

लिथियम सेलच्या आत दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्या मध्ये पातळ पडदा. सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजलेलं. मार लागून, सेलच्या बनावटीतल्या दोषाने किंवा बाहेरून दोन टोकं धातूने जोडली गेल्याने आत उष्णता वाढली की पडदा वितळतो आणि पट्ट्या एकमेकींना भिडतात. त्याने आणखी उष्णता, त्याने आणखी बिघाड. ही साखळी एकदा सुरू झाली की स्वतःच स्वतःला वाढवत जाते. इंग्रजीतून आलेला शब्द आहे थर्मल रनअवे. उतारावर ब्रेक निकामी झालेल्या गाडीसारखं समजा. इंजिन बंद केलं तरी गाडी थांबत नाही, वेग वाढतच जातो. एक सेल असा गेला की शेजारचा तापतो, मग तोही.

विमानाच्या पोटात आग लागली तर तिथे हॅलॉन नावाचा वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो. सेलच्या आतली उष्णतेची साखळी मात्र तो तोडू शकत नाही, कारण तो थंडावा देत नाही. केबिनमध्ये मात्र माणसं असतात. आधी ज्वाळा विझवायच्या आणि मग भरपूर पाणी ओतून सेल थंड करायचा, असं कर्मचाऱ्यांना शिकवलेलं असतं. बर्फ घालू नये असंही सांगितलेलं असतं, कारण बर्फाचा थर उष्णता आत कोंडून ठेवतो. जादा सेल वर ठेवायला सांगतात ते यासाठी. तुमच्या सोयीचा विचार त्यात नाही. तिथे पाण्याची बाटली घेऊन कोणीतरी पोहोचू शकतं, म्हणून.

३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या, यूपीएस या पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये आग लागली. आत लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. धुराने वैमानिकांना समोरचं काही दिसेना. दोघेही गेले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून नुसत्या, म्हणजे उपकरणाशिवायच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूक आयकाओने बंद केली आहे.

सुटा सेल आणि किल्ल्यांचा खिसा

टॉर्चमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा चार्जिंगचा सेल म्हणजे १८६५०. नावातच माप आहे, व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. तो एकदा हातात घेऊन नीट पाहा. वरचं मधलं बटण हे धन टोक. बाकीचं सगळं धातूचं डबडं, तळापासून थेट वरच्या खांद्यापर्यंत, हे ऋण टोक आहे. दोन्हींमध्ये अंतर आहे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं, आणि मध्ये आहे एक पातळ प्लॅस्टिकचं वेष्टण व कागदी चकती. वरच्या कडेला वेष्टण फाटलं असेल आणि खिशातलं एक नाणं आडवं टेकलं, तर दोन्ही टोकं जोडली गेली. नाणं क्षणात पोळण्याइतकं तापतं.

म्हणून जादा सेल सुटे ठेवायचे नाहीत. दोन सेलची प्लॅस्टिकची डबी मिळते ती उत्तम. नसेल तर टोकांवर चिकटपट्टी लावून प्रत्येक सेल वेगळ्या पिशवीत. फुगलेला, ठेचलेला, वेष्टण फाटलेला सेल प्रवासाला न्यायचाच नाही, ना वर ना खाली.

साध्या अल्कलाइन सेलचे, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसे सेल लागणारे टॉर्च यातल्या बहुतेक कटकटींतून मोकळे असतात. ते सेल वर-खाली कुठेही चालतात, फक्त टोकं झाकलेली हवीत. वारंवार विमानाने फिरणाऱ्यांनी असाच छोटा टॉर्च घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. प्रकाश थोडा कमी मिळतो, पण सेल संपले तर बहुतेक कुठेही नवे मिळतात.

आत बसवलेला सेलही धोक्याचा असतो का?

बंद असेल तर फारसा नाही. अडचण टॉर्च बॅगेत आपोआप लागण्याची आहे. आजचे ताकदवान टॉर्च पूर्ण तेजाने लागले आणि तोंडाला कापड टेकलेलं असेल, तर ते कापड करपवतात. पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या टॉर्चचा उल्लेख म्हणूनच विमान वाहतुकीच्या नियमांत स्वतंत्रपणे आहे. पाण्याखाली थंड राहतील अशा हिशेबाने ते बनवलेले असतात, हवेत लागले तर भयंकर तापतात. ते न्यायचे तर विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सेल किंवा उष्णता देणारा भाग काढून वेगळा ठेवावा लागतो.

खिशातल्या टॉर्चसाठी सोपी युक्ती आहे. मागची टोपी पाव फेरा सैल करा आणि बटण दाबून पाहा. बऱ्याच धातूच्या टॉर्चमध्ये तो लागणार नाही. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर कठीण ऑक्साइडचा थर दिलेला असतो आणि त्यातून वीज वाहत नाही. टोपी घट्ट असताना नळीची उघडी कड टोपीच्या आतल्या धातूला टेकते आणि मंडल पूर्ण होतं. पाव फेऱ्यात ती कड सुटते. ज्या टॉर्चमध्ये हे चालत नाही त्यात सेल उलटा घालायच्या फंदात पडू नका. सेल काढून डबीत ठेवा.

वॉट-अवर कसे काढायचे?

वॉट-अवर म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा साठते त्याचं माप. टाकीत किती पाणी मावतं तसं. सेलवर मिलिॲम्पिअर-अवर लिहिलेले असतात. त्यांना १००० ने भागा आणि व्होल्टने गुणा.

३५०० चा १८६५० सेल, ३.६ व्होल्ट : १२.६ वॉट-अवर. त्याहून जाड, २१७०० मापाचा ५००० चा सेल : १८. आणि २०,००० ची पॉवर बँक, आतल्या बॅटरीचे ३.७ व्होल्ट धरून : ७४. बाहेर येणारे ५ व्होल्ट धरायचे नाहीत, ती चूक पुष्कळ जण करतात.

नियमाची सर्वसाधारण रेघ १०० वॉट-अवर. तिथपर्यंत विमान कंपनीला विचारावं लागत नाही. १०० ते १६० साठी परवानगी लागते आणि जादा बॅटऱ्या दोनच. १६० च्या वर प्रवाशाला नेता येत नाही. टॉर्चचा सेल यात कुठेही अडत नाही, अडलीच तर मोठी पॉवर बँक अडेल. तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर ती सोडून द्यावी, कारण आकडा वाचता आला नाही तर अधिकाऱ्याला मान्य करायला आधारच राहत नाही. चीनने २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत ३सी हे प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँकांना मनाई केली आहे.

"पेनानेही इजा होते, मग पेन का नाही अडवत?"

होते. काचेच्या बाटलीनेही होते. इजा करू शकणाऱ्या सगळ्या वस्तू थांबवायच्या तर हात थांबवावे लागतील. नियम बनवणाऱ्यांना हे कळतं. त्यांना हजारो अधिकाऱ्यांनी दिवसभर, प्रत्येक बॅगेला काही सेकंद देऊन, सारखाच लावायचा नियम हवा असतो. "याचा हेतू काय असेल" हे काही सेकंदांत ठरत नाही. "पातं आहे का, किती लांब आहे" हे ठरतं. त्यात काही निर्धोक वस्तू अडतात आणि काही धोकादायक सुटतात. वडिलांचं मल्टिटूल गेलेला माणूस म्हणून मला ते आवडत नाही. पण दुसरा कुठला नियम चालेल असं मला कोणी विचारलं, तर माझ्याकडे त्याहून चांगलं उत्तर नाही.

आणि "मागच्या वेळी तर कोणी अडवलं नाही" हा युक्तिवाद टेबलापाशी करू नये. मागच्या वेळी ती वस्तू दिसली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

दोन ठिकाणी सगळेच फसतात

एक म्हणजे गेट. विमान भरलेलं असतं, वरच्या कप्प्यात जागा नसते, आणि केबिन बॅग दारापाशी घेऊन पोटात टाकतात. त्या क्षणी तुमची केबिन बॅग चेक-इन बॅग झाली. जादा सेल आणि पॉवर बँक आधी काढून जवळ घ्या. मी ते सगळं एका छोट्या पाउचमध्ये सगळ्यात वर ठेवतो. चेन उघडली की एका हाताने निघतं.

दुसरं म्हणजे मधला थांबा. विमान बदलताना पुन्हा तपासणी होऊ शकते, आणि तिथे त्या देशाची यादी लागते. सुटलेल्या विमानतळावर मोजून मापून पास झालेला स्क्रू ड्रायव्हर मधल्या थांब्यावर हातचा जातो, कारण तिथे दांडा मोजतात. सिगारेट लायटरचंही तसंच. अमेरिकेत साधा लायटर जवळ ठेवता येतो. भारतात आणि चीनमध्ये तो वरही चालत नाही आणि खालीही नाही. प्रवासातल्या सगळ्यात कडक देशाची यादी धरून बॅग भरावी.

वस्तू अडलीच तर

पेटीत टाकलेली वस्तू सहसा परत मिळत नाही. अमेरिकेत अशा कितीतरी वस्तू राज्य सरकारांकडे जातात आणि पुढे विकल्या जातात. पण पेटीत टाकण्याआधी तुमच्याकडे वाटा असतात. वेळ असेल तर मागे फिरून ती वस्तू चेक-इन बॅगेत देता येते. सोडायला आलेलं कोणी अजून बाहेर असेल तर त्यांच्या हाती देता येते. काही विमानतळांवर ती पाकिटात घालून घरी पाठवायची सोयही असते. अधिकारी आपणहून हे सांगेलच असं नाही, त्याच्यासमोर रांग आहे. "मागे जाऊन चेक-इन करू का?" एवढं विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात.

त्या दिवशी माझं विमान सुटायला दीड तास होता. मी विचारलं नाही.